गाणे आणि गल्ला

काही शब्द एकमेकांशेजारी बसलेले आपल्या घरांतून कोणाला खपत नाहीत. 'गाणे' आणि 'गल्ला' ही त्यांतलीच एक जोडी. पाहुणे आले की आई मुलीला आग्रहाने तंबोऱ्यापाशी बसवते, वडील डोळे मिटून मान डोलावतात, पाहुणे 'वा, वा' म्हणत पोह्यांची बशी रिकामी करतात. इथवर सारे ठीक चालते. पण त्यांतल्या एखाद्याने भाबडेपणाने विचारले, "गाण्याचे पैसे किती मिळतात हो हिला?" की दिवाणखान्यात अशी शांतता पसरते की जणू कोणी देवघरात चपला घालून शिरला! सुताराने खुर्चीचे पैसे घ्यावे, डॉक्टरने तपासण्याचे घ्यावे, आमच्यासारख्या प्राध्यापकाने तर न समजलेली कविता समजावून सांगण्याचेही घ्यावे. गाणाऱ्याने मात्र समाधानावर जगावे, असा आपला एक अलिखित ठराव आहे.

वास्तविक गाण्याचा आणि गल्ल्याचा संबंध फार जुना आहे. प्रश्न एवढाच की गल्ल्यावर बसले कोण? कधी संस्थानिक बसले, कधी नाटक कंपनीचे भांडवलदार, कधी रेकॉर्ड कंपनी, कधी सिनेमाचा निर्माता. गाणारा बहुधा गल्ल्याच्या अलीकडच्या बाजूला, हात जोडून उभा. आणि जो स्वतः मालक झाला त्याची तरी काय कथा! गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. साऱ्या महाराष्ट्राने त्या गळ्यावर जीव ओवाळून टाकला, आणि तरीही मंडळी कर्जात बुडत गेली. आवाज बालगंधर्वांचा, शालूही बालगंधर्वांचे आणि कर्जही बालगंधर्वांचेच. अत्तराचा हिशेब कोणी ठेवायचा, हे मात्र कोणाचेच काम नव्हते.

दुसरी गोष्ट १९०२ सालची. ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान या गायिकेचे गाणे तबकडीवर घेतले. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा, ही पहिली कसरत. दुसरी गंमत त्याहून मोठी. गाणे संपले की बाई इंग्रजीतून आपले नाव स्पष्ट उच्चारीत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला भैरवी आणि जोगिया यांतला भेद कोठून कळणार? नाव ऐकून त्याने चिठ्ठी बरोबर चिकटवावी, एवढ्यासाठी ही योजना. आम्ही लहानपणी ते ऐकून हसत असू. आज मला ते हसण्यासारखे वाटत नाही. आपले गाणे आपल्या नावावर लागावे, म्हणून भर गाण्यात नाव सांगणारी ती बाई फार शहाणी होती. या लेखाचा अर्धा मुद्दा तिनेच सांगून ठेवला आहे.

पुढे कॅसेट आली. तिने कंपन्यांची मिरास बरीच मोडली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज वाडीवस्तीपर्यंत, रिक्षात आणि चहाच्या टपरीवर पोहोचला तो याच स्वस्त फितीमुळे. मग सीडी आली, आणि मग तीही गेली. मुंबईत काळ्या घोड्याला 'ऱ्हिदम हाउस' नावाचे दुकान होते. तिथे उभ्याउभ्या तासभर ऐकून एक रेकॉर्ड घेणारे रसिक तीन पिढ्यांनी पाहिले. ते २०१६ साली बंद झाले. गाणे हातात धरण्याची वस्तू होती ती नाहीशी झाली, आणि दुकानाची पाटी प्रत्येकाच्या खिशातल्या टेलिफोनात जाऊन बसली.

यात गाणाऱ्याचे भले झाले की वाईट? हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो आला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, एका बँकेतल्या गृहस्थांच्या रूपाने.

त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. बी.ए.ला मराठी घेतलेली, गळा गोड, आणि त्याहून दुर्मीळ म्हणजे कवितेचा कान असलेली. पदवीनंतर दोन वर्षे तिने एका कचेरीत नोकरी केली आणि एके दिवशी राजीनामा देऊन घरी आली. जुन्या मराठी कवितांना स्वतः चाली लावून तिने घरातल्याच एका खोलीत, दाराला गोधड्या टांगून, सहा गाणी ध्वनिमुद्रित केली होती. वडील मला म्हणाले, "सर, मी बत्तीस वर्षे लोकांची कर्जे तपासली. या धंद्याला मी स्वतः कर्ज मंजूर केले नसते. तुम्ही तिला दोन शब्द सांगा."

मी दोन शब्द सांगण्यापूर्वी मुलीनेच माझ्यापुढे एक कागद ठेवला. एका कंपनीने तिची सहाही गाणी पसंत केली होती. पंचवीस हजार रुपये एकरकमी, आणि सोमवारपर्यंत सही. वडिलांचे डोळे त्या आकड्यावर होते, मुलीचे कंपनीच्या नावावर. मी भाषेचा मास्तर. माझे डोळे क्रियाविशेषणांवर गेले. 'संपूर्णतः', 'कायमस्वरूपी', 'जगभर', 'आज ज्ञात असलेल्या व यापुढे निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत'. मराठीत याला एकच शब्द आहे : खरेदीखत.

तो रविवार आम्ही तिघांनी कॉपीराइटचा कायदा वाचण्यात घालवला. मूळ कायदा १९५७ चा, त्यात मोठी दुरुस्ती झाली २०१२ साली. एका गाण्यात मालमत्ता एक नसते, निदान तीन असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, आणि जे ध्वनिमुद्रण झाले त्याची मालकी निराळी. शिवाय गाणाऱ्याचा म्हणून एक हक्क आहे तो वेगळाच. २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकार यांना एक मोठे कवच दिले. हक्क लिहून दिला तरी त्या कृतीच्या वापरातून जी रॉयल्टी येईल तिचा समान वाटा मागण्याचा अधिकार त्यांना सोडून देताच येत नाही; तो जाऊ शकतो फक्त वारसाकडे किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे. अशी संस्था आपल्याकडे आहे. १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. आणखी एक बारकावा : करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे रिकामी जागा गाणाऱ्याच्या बाजूची असते, आणि 'कायमस्वरूपी' व 'जगभर' हे शब्द कंपनीने अलंकारासाठी घातलेले नसतात! चालीबद्दल कायदा मुलीच्या मदतीला येणार होता. पण ध्वनिमुद्रण एकदा विकले की विकले.

मुलीने सोमवारी सही केली नाही. सात वर्षांच्या परवान्यावर गाणी देईन, मालकी माझीच राहील, असे तिने कळवले. कंपनीचे उत्तर आले नाही, आणि तेही एक उत्तरच होते. वडील त्या दिवशी घरी काही बोलले नाहीत. पंचवीस हजार रुपये ही आपल्यासारख्या घरात गप्प बसवणारी रक्कम आहे.

मग प्रश्न उरला : स्वतःचे दुकान मांडायचे कसे?

हा विचार काही तिने पहिल्याने केला नाही. अमेरिकेत डेरेक सिव्हर्स नावाच्या एका गायक-वादकाला आपली सीडी विकायला जागा मिळेना, म्हणून त्याने १९९८ साली स्वतःच इंटरनेटवर दुकान थाटले. मित्र म्हणाले, माझीही ठेव, आणि त्यातून सीडी बेबी ही मोठी पेढी उभी राहिली. आपल्याकडे शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ साली अंडरस्कोर रेकॉर्ड्स सुरू केले, तेही याच जाणिवेतून, की कलावंताने आपले संगीत आपल्या अटींवर श्रोत्यापर्यंत न्यावे. घरच्या मंडळींनी ही नावे ऐकली की त्यांना जरा धीर येतो. 'शुभाताईसुद्धा?' या प्रश्नाने आमच्या बँकवाल्या मित्राचा आवाज प्रथमच मऊ झाला.

आता या व्यवहाराचे यंत्र थोडक्यात सांगतो. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन ही झाली मोठमोठी वाचनालये. तिथे एकट्या गाणाऱ्याकडून सहसा गाणे थेट घेत नाहीत. मधे एक वितरक लागतो. ट्यूनकोर, डिस्ट्रोकिड, सीडी बेबी ही त्यांतली काही नावे. काही वितरक वर्षाची वर्गणी घेतात आणि मिळकतीला हात लावत नाहीत. सीडी बेबी एकदाच शुल्क घेते आणि मिळकतीतला शेकडा ९ हिस्सा ठेवते. वर्गणीच्या पद्धतीत एक खोच आहे : वर्गणी थकली की गाणी दुकानातून उतरू शकतात. सबब आधी नियम वाचावेत, मग शिक्का निवडावा.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक बारा अक्षरी सांकेतिक क्रमांक मिळतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. तो गाण्याचा जन्मदाखला. तो भरताना गायिका, कवी, संगीतकार, वादक यांची नावे लिहायची असतात आणि इथेच निम्मी मंडळी आळस करतात. आमच्या विद्यार्थिनीने आपले नाव एका ठिकाणी एका स्पेलिंगने लिहिले, दुसरीकडे दुसऱ्या. यंत्राने तिच्या दोन बाया केल्या आणि श्रोते दोघींत वाटले गेले! गौहर जानबाईंच्या वेळी कारागीर हॅनोव्हरला होता, आज तो कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. पण नाव सांगितल्यावाचून चिठ्ठी बरोबर लागत नाही, हा नियम तोच आहे.

पैशाचे म्हणाल तर ऐकण्यावारी मिळकत फार थोडी. स्पॉटिफाय भारतात २०१९ साली आले. तिथे दर ऐकण्याला ठरलेला भाव नाही. सगळ्यांची मिळकत एका हौदात पडते आणि त्यातून ज्याचा त्याचा वाटा निघतो. हौदात फुकट ऐकणाऱ्यांच्या जाहिरातींचे पाणी जास्त असले की वाटा पातळ होतो. शिवाय २०२४ पासून नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे हजार वेळा ऐकले गेले नसेल तर त्याला काहीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर हजार वर्गणीदार आणि वर्षात चार हजार तासांचे पाहणे, नाहीतर छोट्या चित्रफितींचा फार मोठा आकडा, ही उंबरठ्याची अट. आमच्या बँकवाल्या मित्राने कागद घेतला आणि एका ऐकण्याला दहा पैसे असे नुसते धरून गुणाकार केला. हजार ऐकण्यांचे शंभर रुपये. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे असे पाहिले, की मीच तो दर ठरवला आहे.

पण दुसरा रस्ता आहे, तो थेट विक्रीचा. बँडकॅम्प नावाचे दुकान २००८ पासून चालते. तिथे किंमत गाणारा ठरवतो, आणि एखाद्याला जास्त द्यावेसे वाटले तर तो जास्त देऊ शकतो. दुकान ध्वनिफितीवर शेकडा १५ घेते, शिवाय पैसे पाठवण्याचा थोडा खर्च. पाचशे रुपयांना सहा गाण्यांचा संच गेला तर चारशेच्या आसपास हातात पडतात. मघाच्या हिशेबाने हे चार हजार ऐकण्यांइतके झाले. चार हजार अनोळखी कान आणि एक ओळखीचा माणूस यांचे वजन सारखे! परदेशातील मराठी घरांना हा रस्ता सोयीचा पडतो. इथल्या श्रोत्यासाठी तर यूपीआय आहेच; भाजीवाल्याला पैसे देतो तसेच गाणाऱ्यालाही देता येतात.

आता माझ्या विषयाकडे वळतो, कारण इथे मराठीचा मास्तर खरोखर उपयोगी पडतो. कविता कोणाची घ्यावी? कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क चालतो. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. त्यांच्या कविता केव्हाच सर्वांच्या झाल्या. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे २०१७ पासून त्यांचे शब्द मोकळे झाले. कुसुमाग्रज मात्र १९९९ साली गेले. त्यांच्या कवितेला हात लावायचा तर २०५९ सरेपर्यंत परवानगी हवी. तुकोबा तर सर्वांचेच. पण 'अभंग तुकयाचे' मधल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या, आणि खळेकाका गेले २०११ साली. शब्द देहूचे म्हणून चाल फुकट होत नाही. 'लोक म्हणतातच की' हा युक्तिवाद गणेशोत्सवात चालतो, दुकानात चालत नाही.

एक तक्रारही सांगतो. मुलीने एका गाण्यात बाजारात मिळणारा तयार ठेका वापरला होता. तोच ठेका आणखी कोणी वापरला, त्याने आधी नोंदवला, आणि यंत्राने तिचे स्वतःचे गाणे दुसऱ्याचे ठरवले! सहा आठवडे पत्रव्यवहार झाला. तेव्हापासून तिच्या गाण्यात तबला वाजवायला एक मुलगा येतो. त्याला आधी ठरवून पैसे दिले जातात, कागदावर सही होते, आणि नावही छापले जाते. यंत्राच्या कटकटीने एका तबलजीची सोय झाली, हे चांगलेच झाले.

प्रसिद्धीबद्दल बोलायचे तर इथे ठगांचा सुळसुळाट फार. 'पाच हजार द्या, लाखभर श्रोते देतो,' असा निरोप तिला आठवड्याला एक तरी येतो. हे श्रोते म्हणजे नाटकाच्या पहिल्या रांगेत फुकट पास देऊन बसवलेले टाळ्यावाले, आणि तेही माणसे नव्हेत! अशी खोटी मोजणी उघडकीस आली की गाणेच उतरवले जाते आणि दंड वितरकावर बसतो, तो शेवटी गाणाऱ्याच्या डोक्यावर येतो. त्यापेक्षा साध्या गोष्टी कराव्या. गाणे प्रसिद्ध करण्याच्या तीनचार आठवडे आधी वितरकाकडे द्यावे. स्पॉटिफायच्या संपादकांना निदान सात दिवस आधी कळवावे; ते निवडतीलच असे नाही, पण न कळवलेले गाणे ते कोठून निवडणार? गाण्याचे नाव देवनागरीत आणि रोमनमध्येही द्यावे. कवितेचे शब्द खाली लिहावे. आणि ज्यांनी एकदा पैसे देऊन गाणे घेतले त्यांचे पत्ते, त्यांच्या परवानगीने, स्वतःच्या वहीत ठेवावे. दुकाने बंद पडतात. एअरटेलचे विंक म्युझिक २०२४ साली मिटले. वहीतली माणसे आपल्याबरोबर राहतात.

केव्हिन केली नावाच्या एका अमेरिकन लेखकाने २००८ साली मांडले होते, की कलावंताला लाखो चाहते नकोत, जिवाभावाचे हजार असले तरी पोट भरते. मराठीत हजारही फार झाले. आमच्या मुलीच्या वहीत आज तीनशे अकरा नावे आहेत. त्यांतली काही फलटणची, काही बडोद्याची, एक सिंगापूरचे आजोबा. महिन्यातून एकदा ती कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, तीसचाळीस माणसांपुढे गाते. तिथे जेवढे संच विकले जातात तेवढे यंत्राच्या साऱ्या महिन्यात विकले जात नाहीत. इंटरनेट हे गाण्याचे आमंत्रण आहे. पंगत अजून माणसांचीच बसते.

तिचे भागते का? पुरते नाही. सकाळी ती दोन शाळांत गाणे शिकवते आणि दुपारी चाली करते. पंचवीस हजार रुपये गाण्यांनी मिळवायला तिला एकोणीस महिने लागले. पण ती सहा गाणी अजून तिची आहेत आणि अजून मिळवताहेत. हिशेब वडील ठेवतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लांबट खतावणी आणली आहे, तिच्यात जमा आणि नावे असे दोन रकाने आखले आहेत, सिंगापूरच्या आजोबांनी सांगितलेल्या किमतीहून जास्त पैसे पाठवले, तेव्हा ते मला फोन करून म्हणाले, "सर, ही जादा रक्कम कोणत्या खात्यावर घालू?" मी म्हणालो, "दाद या खात्यावर." त्यांना ते पटले नाही. त्यांनी ती 'इतर उत्पन्न' या सदरात लिहिली. पण खाते उघडले, हे काय थोडे झाले?

वाचकहो, हा दिवाळीचा अंक. फराळाचे ताट पुढे आहे, पाडव्याला ओवाळणी आहे, वहीपूजनही आहे. आपण आकाशकंदील घेतो, उटणे घेतो, दिवाळी अंकही पैसे देऊन घेतो याबद्दल आमचे संपादक आपले ऋणी आहेत. यंदा त्या यादीत एक बाब वाढवा. आपल्या ओळखीत, आपल्या गल्लीत, भाच्यांत किंवा पुतण्यांत कोणी स्वतःच्या चाली करून गाणारे असेल, त्याचे एक गाणे विकत घ्या. फुकट मागू नका, 'जरा पाठव ना' म्हणू नका. किंमत विचारा आणि ती द्या. आणि त्या मुलाने किंवा मुलीने संकोचाने 'राहू द्या हो, काका' म्हटले, तर रागवा. गौहर जानबाईंनी नाव सांगायला संकोच केला असता, तर आज त्यांचे गाणे कोणाच्या नावावर असते कोण जाणे.